पायरीवरच्या चपला

प्रिय संयू,

तुझ्या कपाळाचे टाके निघाले असं तुझी आई सांगत होती. मी लगेच देवापुढे साखर ठेवली. फोनवर मी आले की तू फोन आईच्या हातात देतेस, म्हणून म्हटलं कागदावर बोलावं. चौथीपर्यंतच शिकले मी, वाकडंतिकडं गोड मानून घे.

आपली गाडी गेल्या आठवड्यात गेली. भंगारवाला तिला न्यायला आला. मी म्हटलं, बाबा, पुढची डावीकडची सीट तेवढी मला काढून दे. तो हसला. आवं आज्जी, चाकं न्हाईत, इंजन न्हाई, जानार कुठं? पण काढून दिली हो. मग मला वाटलं, एवढ्या वर्षांची घरातली, रिकाम्या ओटीनं कशी धाडायची? तुझे आजोबा गेल्यापासून मी कुणाची ओटी भरत नाही, म्हणून कुंपणापलीकडच्या साळूबाईला हाक मारली. ती म्हणाली, भंगाराची ओटी भरतंय व्हय कोण, येड लागलं का तुमाला? म्हणाली खरी, पण खण-नारळ घेऊन आली. मागच्या सीटवर तांदूळ ठेवताना तीच रडायला लागली. तिच्या सुनेला बाळंतपणाला याच गाडीतनं नेलं होतं ना.

मला काही रडू आलं नाही बघ. शेवग्याखाली ती सीट मांडली आहे. दुपारी जेवून तिच्यावर बसते, डोळे मिटले की निघाले. शेवग्याची फुलं अंगावर पडतात आणि मला वाटतं पसरणीचा घाट लागला, गार वारं सुटलं. आजोबा शेजारी, फौजेतल्यासारखे ताठ. तू मागे, खिडकीला नाक लावून.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हाचं तुला आठवतं का गं? पहिलीत होतीस. आजोबा म्हणाले, चला, पाचगणी. चाकांखाली लिंबं ठेवली, पूजा झाली. पूजा केलेल्या गाडीत चपला घालून कसं बसायचं, म्हणून मी आपल्या दाराच्या पायरीवर काढून ठेवल्या आणि बसले. पाचगणीला उतरायला पाय बाहेर काढला तर चपला शिराळ्यात. आजोबा हसून हसून बोनेटवर वाकले. मला लाज वाटेल म्हणून तू पण तुझे बूट काढलेस. दोघी अनवाणी फिरलो त्या पठारावर. गवत कसलं मऊ होतं, अजून तळव्यांना आठवतं.

पुढे त्यांनीच तुला शिकवलं, ऊस तुटलेल्या रानात. सरीत गाडी अडकवलीस की म्हणायचे, माझी संयू हाय, काढंल बाहेर. मी बांधावर बसून शेंगा खात बघायची.

शिरवळच्या पुढं कुत्रं वाचवायला गेलीस आणि गाडी दुभाजकावर आपटली. मी नंतर तिला बघितलं. सगळं तोंड चेपून घेतलं होतं तिनं, तुझ्या जागेला मात्र लय जपलं होतं. तिच्यावरनं हात फिरवला आणि म्हटलं, काम झालं बाई तुझं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आई म्हणाली, तू पुन्हा गाडीला हात लावणार नाहीस, नागपंचमीला पण येणार नाहीस. आजोबांची गाडी मोडली, आज्जीला तोंड कसं दाखवू, म्हणतेस. अगं, गाडी त्यांची होती, पण तू त्यांची त्याहून जास्त होतीस. तुझ्या बाबांनी दुसरी गाडी बघितली आहे, जुनीच, पण बरी आहे. मी त्यांना सांगून टाकलंय, संयू चालवणार असेल तरच मी बसणार, नाहीतर मला शेवग्याखालची बरी. इथवर एसटीनं ये, मग गाडी तुझ्या हातात. भीती वाटली तर हळू चालव, मला कुठं घाई आहे? नागपंचमीला सकाळीच मी चपला पायरीवर काढून ठेवते.

तुझीच,
आज्जी