उद्याची तारीख

३ नोव्हेंबर
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क स्वतंत्र खोली. खिडकी आहे, पंखा आहे, टेबलाचा खण ओढाताण न करता उघडतो. माणसाला आणखी काय हवं? डोळ्यांच्या दवाखान्यात संगणकाचं काम. डॉक्टरीणबाई बोलायला गोड आहेत. पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम मात्र पार म्हातारा झालाय. तो नव्या आवृत्तीत न्यायचा आणि माझ्या आधी इथे हेच काम करणाऱ्या काकांनी त्यात स्वतः लिहून घातलेला कोड चालता ठेवायचा, एवढंच काम. घरी सांगितलं तर ताई म्हणाली, म्हणजे जुन्या कोटाचं अस्तर नव्या कोटाला. ती शिवणकाम करते, तिला सगळीकडे कापडच दिसतं. चाळिशी उलटली तरी बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते आणि माझ्या चष्म्याची थट्टा करते.

७ नोव्हेंबर
काम भराभर मार्गी लागतंय. कोडचा एकच तुकडा नव्या आवृत्तीत अडून बसलाय. रोज दवाखाना बंद होताना तो एका पेशंटच्या ऑपरेशनची तारीख एक दिवस पुढे ढकलतो. बाकी काही करत नाही. नोंदीत नाव नाही, वय नाही. ऑपरेशन: दोन्ही डोळे. नेत्रदात्याचा रकाना रिकामा. बाई म्हणाल्या, असा कुणी पेशंट नाही, काकांनी चाचणीसाठी घातलं असेल. मी तो तुकडा बंद करून टाकला. शिवाय नव्या आवृत्तीला रिकामे रकाने चालत नाहीत, म्हणून तिथे संगणकावर बसलेल्याचं नाव आपोआप पडेल असं केलं. सध्या सगळीकडे माझंच पडतंय. सावकाश निस्तरू.

१० नोव्हेंबर
संध्याकाळी बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, तोंड भिंतीकडे. नंबर आहे का विचारलं, तर तारीख उलटून गेली म्हणाले. आवाज अगदी सभ्य. बाईंना बोलावून आणलं तोवर बाक रिकामा. बाई हसून म्हणाल्या, तुझेच डोळे तपासायला हवेत.
सकाळपासून उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर
बाईंनी तपासलं. डोळ्यांत दोष नाही म्हणतात. पण अक्षरं विरघळताहेत, बाईंचा चेहरासुद्धा. फक्त बाकावरचा तो स्वच्छ दिसतो, रोज जास्त. आज त्याने तोंड वळवलं. डावी पापणी मिटलेली, आत खोल गेलेली. उजवी उघडी. माझ्या उजव्या बुबुळात जन्मापासून एक डाग आहे. तो डाग तिथे होता.
मला भीती वाटते.

१३ नोव्हेंबर
काकांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, तो तुकडा बंद केलास का. मग म्हणाले, त्यांचा एक डोळा असाच गेला. त्याला नाही म्हटलेलं चालत नाही, उद्या म्हटलेलं चालतं. म्हणून रोज उद्या म्हणायचं. विसरायला नको म्हणून तो कोड. आजच चालू कर म्हणाले, आत्ताच —
पडद्यावरचं काहीच दिसत नाही —

१४ नोव्हेंबर
ओळीवर बोट ठेवून लिहितेय. ताई न्यायला आली. तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. कारण सांगितलं नाही, उगाच घाबरली असती. म्हटलं, त्या बिननावाच्या नोंदीत तारीख उद्याची टाक, नेत्रदात्याच्या रकान्यातलं माझं नाव खोड. तिने केलं —
बाकावरून कुणीतरी उठलं —

१५ नोव्हेंबर
दिसतंय. सगळं दिसतंय. अक्षर कसं वळणदार आलंय. सकाळपासून मी हसतेय आणि रडतेय. दवाखाना उघडला की सगळ्यात आधी काकांचा तो तुकडा चालू करणार.
चहा पिताना ताईला विचारलं, नाव खोडताना प्रोग्रामने कटकट नाही केली? केली की, म्हणाली. रकाना रिकामा सोडला की तुझंच नाव परत पडायचं, म्हणून माझं टाकलं. झालं ना तुझं काम?
आणि तारीख उद्याची. म्हणजे आज.
ताई मशीनवर बसलीय. ऊन थेट तिच्या हातांवर पडलंय. दोरा सुईच्या शेजारून जातोय. पुन्हा शेजारून —
दिवा लाव ग, म्हणते. आज अजून उजाडलं कसं नाही, म्हणते. आणि दारात हे गृहस्थ कोण, तेवढेच स्वच्छ दिसताहेत —