जेवणाआधीची ती एक ओळ

अगं,

मागच्या खोलीत फळ्या मांडल्यात, मुलांना तिकडे फिरकू देऊ नकोस. तू कामावर गेलीस आणि पाळकीणबाई दारात आल्या. आपल्या चर्चचे पाळक पहाटे झोपेतच गेले. शवपेटी मीच करावी म्हणाल्या. कारखान्यात सुट्टी सांगितलीय.

घरी शवपेट्या कर, पगाराला जोड होईल, हे पाळकांनीच सुचवलं होतं. दर रविवारी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "प्रभू, याच्या हाताला काम दे." आपणही रोज जेवायला बसताना तेच म्हणतो. मग आपण इतके दिवस नक्की काय मागत होतो गं? काम मागणं काही पाप नाही. पण ते कुणाच्या घरून येणार, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

कड्या आणि खिळे आणायला चाललोय, उशीर होईल. आज मुलांना ती ओळ म्हणू देऊ नकोस. त्याऐवजी काय म्हणायचं, ते मलाही माहीत नाही.

पाळकीणबाई माप सांगत होत्या, मी नको म्हटलं. माझ्यासारख्या बुटक्याच्या डोक्यावर हात ठेवायला ते किती वाकायचे, ते मला ठाऊक आहे.