एका घरची माकडं

३ मार्च
चि. ठमाबाईस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.
लस टोचलेली बहुतेक माकडं त्या एड्सच्या विषाणूच्या भाऊबंदाला पुरून उरली, न टोचलेली आजारी पडली, हे वाचून मामीने भाचीचं कौतुक अख्ख्या जिन्याला सांगितलं. मग तुझं पत्र असं रडवेलं का? आणि गट पाडताना मी काय सांगितलं होतं, हे आता का उकरतेस?
जन्म गेला माझा तुमच्या प्रयोगशाळेत, त्या पिंजऱ्यांपुढे माकडांना खाऊ घालण्यात. मायलेकी, बहिणी एकत्र ठेवल्या की पोटभर खातात; ताटातूट केली की तोंड फिरवतात. म्हणून म्हटलं, घरं फोडू नका. यात काय बिघडलं? मामी माहेरी गेली की मीही धड जेवत नाही, पण हे तिला कळवू नकोस.
लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
मामा

९ मार्च
ती. मामांस सा. न. वि. वि.
बिघडलं की नाही, हेच कळेना. लस म्हणजे शरीरातल्या पहारेकऱ्यांना दाखवलेला चोराचा फोटो. पण काही घरांत पहारेकऱ्यांची नजर जन्मतःच तिखट असते, आईबापांच्या जनुकांतून आलेली. काल रक्ताच्या तपासण्या आल्या. तसलं एक घर आपण अख्खं लशीच्या बाजूला बसवलं होतं! मग वाचवलं कुणी? लशीने, जन्माने, की दोघांनी मिळून? त्यातही त्याच घरातली एक लस घेऊन आजारी पडलीच. डोक्याचा भुगा झालाय.
पुढच्या शुक्रवारी प्रयोगशाळेचे साहेब निकाल जाहीर करणार, मग माणसांवर चाचण्या. त्यांना शंका सांगितली, तर म्हणाले, चांगल्या कामाला फाटे फोडू नकोस. माझी नोकरी त्यांच्याच हातात. सगळ्यांपुढे बोलू की गप्प बसू?
अशीच माया असावी.
आपली ठमा

१२ मार्च
चि. ठमाबाईस अ. आ.
पत्र मी वाचलं, मामीने वाचलं. मामी म्हणाली, हातची नोकरी घालवू नये. थोड्या वेळाने तीच म्हणाली, पण लस घेऊन निर्धास्त झालेल्या माणसाच्या पहारेकऱ्यांची नजर मंद निघाली तर? मला जनुकं कळत नाहीत. शंका असताना छातीठोक सांगू नये, एवढं कळतं. बोल.
आणि नव्या माकडांवर पुन्हा प्रयोग कराल तर घरं फोडा. मीच सांगतो. फक्त आईला दूध नव्हतं म्हणून मी बाटलीने पाजून वाढवलेली ठेंगी आहे ना, तिला लशीच्या बाजूला बसव. म्हाताऱ्याचा एवढा हट्ट पुरव.
मामा

२ एप्रिल
ती. मामांस सा. न.
बोलले. साहेब लालबुंद झाले, पण जाहीर करणं थांबलं. माझ्या नोकरीचं विचारायची सोय नाही. नव्या प्रयोगात प्रत्येक घरातली निम्मी लशीकडे, निम्मी बिनलशीकडे. कोण कुठे, ते चिठ्ठ्या टाकून. ठेंगी बिनलशीकडे निघाली. मला बदलता आली असती, बदलली नाही. मायेने निवडलं की पुन्हा तोच घोळ. बरोबर केलं की वाईट, तुम्हीच सांगा. आईपासून वेगळी केल्यापासून ती खात नाही.
रागावलात तरी पत्र टाका.
ठमा

६ एप्रिल
चि. ठमाबाईस आशीर्वाद.
बरोबर की वाईट, मला नाही सांगता येत. आधी रागावलो, मग राग कुणावर तेच सापडेना. उद्याच्या गाडीने येतो. हाताने भरवलेलं तुमच्या प्रयोगात चालतं का, साहेबांना विचारून ठेव. चालत असेल तर दोन्हीकडच्यांना सारखंच भरवीन.
मामा