मोटार पाणी पिऊनही का तापते

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १२ जून १९३४

तीर्थरूप दाजींच्या चरणी गंगाधरचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व जण उन्हासकट खुशाल आहोत. आपला गुडघा पंढरपूरच्या वैद्यांना दाद देतो की नाही ते अवश्य कळवावे. आपल्या मालतीला अक्कलकोटच्या मंडळींनी पसंत केले की नाही ते एका ओळीत लिहावे, अशी आपली आज्ञा आहे. पण मी पडलो वकील. एका ओळीत काही सांगणे मला जन्मात जमलेले नाही, आणि या प्रकरणात तर मधे मोटार आहे.

गेल्या दिवाळीत मी एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घेतली, हे आपल्याला ठाऊकच आहे. (आपण तिला 'गंगाधरची भट्टी' म्हणता, हे ताईने मला सांगितले आहे. मी मनावर घेतलेले नाही.) तिचा रोग असा, की अक्कलकोटच्या रस्त्याला लागून कुंभारी मागे टाकली, की पुढच्या टाकीतले पाणी खदखदा उकळू लागते. मोटारीत एक व्यवस्था असते. इंजिनाभोवती तापलेले पाणी या टाकीच्या बारीक नळ्यांतून खाली उतरते, वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. मग आमचेच पाणी का निवत नाही? मला याचा राग यायला हवा होता, पण आले ते कुतूहल. टाकी गळत असेल म्हणून मोटारीखाली धुतलेले धोतर अंथरले. ते कोरडेच राहिले. टाकीमागच्या पंख्याचा पट्टा ढिला असेल म्हणून आवळला. पंखा पूर्वीसारखाच फिरला. आत क्षार साचला असेल म्हणून धुण्याच्या सोड्याचे पाणी घालून टाकी खंगाळली, तर आत घातले तेवढेच स्वच्छ पाणी बाहेर आले. साक्षीदार सगळे खरे बोलत होते आणि गुन्हा मात्र रोज घडत होता.

अशा स्थितीत मी मोटारीने निघायला नको होते, हे आपले म्हणणे मी येथूनच ऐकतो आहे. पण मुलाचे काका अण्णाराव सोलापुरात आले होते. मोटारीने जाऊ, असा त्यांनीच आग्रह धरला. मग पुढे मी आणि ते, मागे ताई आणि मालती, असे आम्ही सकाळी निघालो. कुंभारीपुढे जे व्हायचे ते झाले. वाफेचा लोट उठला, अण्णारावांचा रेशमी फेटा भिजला आणि मी मोटार बाभळीखाली उभी केली. शेजारच्या मळ्यातला कुंडलिक नावाचा शेतकरी घागर घेऊन आला. (तो मला चांगला ओळखतो. दर खेपेला मी तिथेच थांबतो.) टाकी निवेपर्यंत तो मोटारीभोवती हिंडत राहिला आणि म्हणाला, "पानी तर लई पितीया की वो ही. मग तापतीया कशापायी?"

दाजी, दिवाळीपासून मीही हाच प्रश्न विचारत होतो. पण मालतीने त्याच्यापुढचा प्रश्न विचारला. "मामा, ही जाताना उकळते आणि येताना उकळत नाही, असं का?"

ते खरे होते आणि माझ्या ध्यानात आले नव्हते. येताना वारा समोरून लागतो, जाताना पाठीवर असतो, असे तिचे तिनेच उत्तर दिले. मग पदर खोचून ती खाली उतरली. टाकीची वरची नळी हाताला भाजत होती आणि खालचीही जवळजवळ तेवढीच. म्हणजे पाणी फिरत होते, पण निवत नव्हते. पाणी भरून मी इंजिन सुरू केले. मालतीने ताईच्या पूजेच्या ताटातली उदबत्ती मागितली. उदबत्ती देवाची आहे म्हणून ताईने आधी नकार दिला आणि मग स्वतःच ती पेटवून टाकीसमोर धरली. पंख्याने धूर आत ओढून घ्यायला हवा होता. तो देवघरातल्यासारखा सरळ वर गेला.

टाकीपुढे व्यापाऱ्याने नक्षीची तारजाळी बसवली होती, आणि तिच्यामागे करड्या रंगाचे काहीतरी मऊसर दिसत असे. मी आजवर ते कंपनीने दिलेले अस्तर समजत होतो. (दर रविवारी मी ते ब्रशाने झटकत असे.) अण्णारावांनी जाळी उचकटली, ताईने अंबाड्यातला आकडा काढून दिला आणि मालतीने ते अस्तर उकरायला घेतले. तो कापूस निघाला. मोटार वर्षानुवर्षे सरकी काढण्याच्या कारखान्याच्या अंगणात उभी राहत असे. तिथला उडता कापूस, धूळ आणि तेल यांची चांगली घोंगडी जमली होती. आम्ही चौघे, शिवाय कुंडलिक, भर उन्हात तो कापूस ओढत बसलो होतो. आपण कुठे आणि कशाला निघालो आहोत, याची कुणालाही आठवण नव्हती. पुन्हा उदबत्ती धरली, तेव्हा धूर वाकला आणि सुळकन आत गेला. अण्णारावांनी तो प्रकार आणखी दोनदा करून घेतला.

अक्कलकोटपर्यंत पाणी उकळले नाही. पण मुलाच्या आई मथुराबाई दारातच उभ्या होत्या, आणि मालतीचे हात कोपरापर्यंत काळे होते. हे काय, असे त्यांनी विचारले. मालतीने सांगितले, आणि सगळे सांगितले. अण्णाराव मधे मधे भर घालत होते. मुलगा एकनाथ बशीतले पोहे तसेच ठेवून ऐकत बसला. तिला स्वयंपाक येतो का, हे विचारायचे सगळे विसरले. मंडळींची पसंती आहे. कळावे, लोभ आहेच, तो गुडघ्याच्या दुखण्यातही कमी होऊ नये.

आपला आज्ञेतला मेहुणा,
गंगाधर

ता. क. पसंती एका अटीवर आहे, आणि अट मुलीची आहे. लग्नाआधी दोन वर्षे पुण्याच्या कॉलेजात शास्त्र शिकायचे, असे मालतीने तिथेच सांगितले. मथुराबाईंनी मुलाकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "थांबू की. तेवढ्यात आमचा एकनाथही काहीतरी शिकेल." तरी आपली परवानगी मिळावी, ही हात जोडून विनंती.

ता. क. दुसरा. परवानगी पंढरपूरहून इकडे न पाठवता थेट पुण्याला पाठवावी. कॉलेज उघडायची वेळ झाली म्हणून मालती कालच्या गाडीने गेली. सोबत कोणी नाही अशी काळजी करू नये. ताई बरोबर आहे, आणि मुलीची सोय लागेपर्यंत आपल्या जेवणाचे आपण पाहावे, असा तिचा निरोप आहे.