पिवळा स्वेटर आणि कॅरॅमल टॉफी

सोमवार, ३
विभागप्रमुखपद महिनाअखेर रिकामं होतंय. दावेदार दोनच: मी आणि समोरच्या टेबलावरच्या मॅडम. मॅडमच्या मते माणूस विचार करून शिकतो, एकदा नीट सांगितलं की पुरे. माझ्या मते दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र आल्या की मनात आपोआप चिकटतात, डोकं लागतच नाही. मानसशास्त्र विभागात अठरा वर्षं हा वाद चाललाय. आता सोक्षमोक्ष लावतोच!
प्लॅन: पिवळा स्वेटर घालून प्राचार्यांना रोज कॅरॅमल टॉफी द्यायची. मग नुसता स्वेटर दिसला तरी त्यांना गोड वाटेल. पद खिशात. बायको म्हणाली, सरळ जाऊन मागा की. तिला विज्ञानातलं काय कळतंय!

मंगळवार, ४
प्राचार्यांनी टॉफी घेतली. हसले. झकास.

शुक्रवार, ७
मरणाचा उकाडा. स्वेटर काढला नाही. मुलांनी विचारलं, सर, ताप आहे का?

बुधवार, १२
टॉफी चावताना प्राचार्य ‘आई गं!’ म्हणाले. चव आवडली असावी.

गुरुवार, १३
आज नको म्हणाले. भिडस्त माणूस. आग्रह करून दोन दिल्या.

सोमवार, १७
प्राचार्य रजेवर. शिपाई म्हणाला, दाढेचं काहीतरी आहे. प्रयोगात खंड नको म्हणून टॉफी त्यांच्या घरी घेऊन गेलो. त्यांच्या मिसेसनी दार उघडलं, स्वेटर पाहिला, दार लावलं. म्हणजे माझी कीर्ती घरापर्यंत पोचली तर!

शुक्रवार, २१
कॉरिडॉरमध्ये मी लांबून दिसताच प्राचार्यांनी गाल धरला. टॉफी नाही, काही नाही, नुसता स्वेटर! अगदी आपोआप! मग घाईघाईने झाडूच्या खोलीत शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. सिद्धांत सिद्ध झाला. मॅडमची कीव येते.

शुक्रवार, २८
नोटीस लागली. प्रमुख: मॅडम.
त्यांना विचारलं, केलंत तरी काय? म्हणाल्या, तीन तारखेलाच केबिनमध्ये जाऊन सांगितलं, मला हे पद हवंय. प्राचार्य म्हणाले, बरं झालं, दुसऱ्या कुणी मागितलेलंच नाही.
फार वाईट वाटलं. अठरा वर्षं काढली हो इथे.
घरी आलो तर बायको दारातच उभी. म्हणाली, तो स्वेटर पुन्हा अंगात घालायचा नाही.
एकदाच म्हणाली. लगेच कळलं.