पॉलिशखालची फट

४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा एकदा म्हणाले होते की स्टिअरिंग धरून धरून त्यांच्या हाताला आता काही कळेनासं झालंय, माझा हात मऊ आहे, तर मीच बघावं. मी आठ वर्षांची होते. माझा तळवा टायरवर ठेवून त्यांनी तो आधी सुलटा फिरवला, मग उलटा. कुठे खरखरतं, कुठे नख अडकतं, ते मी सांगायचं आणि ते मान डोलवायचे. काल रात्रभर तेच आठवत होतं.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. काल गोदामाच्या फाटकात ट्रेलर वळवताना ह्यांचा मागच्या एक्सलचा टायर सोलला. तू गेल्या महिन्यात घेतलेल्या चारांपैकी एक. जुन्या टायरवर चढवलेला नवा थर अख्खा सुटला आणि पहारेकऱ्याच्या स्टुलावर जाऊन आदळला. तो बिचारा दांडी उचलायला उठला होता, म्हणून वाचला. तो तुकडा मी घरी आणलाय. आतून गंजलेल्या तारा, वरून चकचकीत काळं पॉलिश. मेलेल्या जनावराला तेल चोपडावं तसं. बघून शिसारी येते.

आपल्या ट्रेलरचे दोन्ही एक्सल एकमेकांपासून लांब आहेत. जड माल घेऊन वळताना मागची चाकं धड फिरत नाहीत, आडवी घासत जातात, आणि सगळा मार टायरच्या खांद्यांवर, म्हणजे दोन्ही कडांवर, बसतो. तिथे जाड बाजूंचे, ट्रेलरसाठीच बनवलेले नवे टायर हवेत. भारीतले नकोत. पंक्चरवाले काका मधल्या किमतीचे दाखवतात आणि दुप्पट चालतील म्हणतात. थर चढवलेले घ्यायचेच असतील तर ओळखीच्याकडून, पुढच्या एक्सलसाठी घे.

चौदा तारखेला हे लोखंडी गज भरून उताराच्या रस्त्याने निघणार आहेत. त्याआधी उरलेले तीन काढ.

वहिनीला नमस्कार. माझा राग यायचा तर येऊ दे, पण उत्तर धाड. लोभ असावा.

तुझी धाकटी बहीण

७ नोव्हेंबर

चि. सौ. पिटुकलीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. लोक बाजारातून भाजी आणतात, आमची बहीण टायरची साल आणते! भाऊजींना जेवायला तिच्याच शेजारी बसवतेस की काय?

बाबांनी तुला टायरची वैद्यीण केली, ते मी विसरलेलो नाही. मी तिथेच उभा असायचो, पाना धरून. माझा हात त्यांनी एकदाही मागितला नाही. असो.

टायर काळा आणि गोल असला की पळतो. एक गेला, दुसरा लावू. उगाच राईचा पर्वत करू नकोस. भाऊजींना मी फोन केला होता. मालक म्हणेल तसं, म्हणाले. गाडी चालवणाऱ्याची तक्रार नाही, तक्रार तुझी.

आणि पॉलिशला नावं ठेवू नकोस. ते मी मुद्दाम जाड लावून घेतलं. तू येणार, नाडी बघत बसणार, खोट काढणार, माल अडकणार, हे का मला ठाऊक नव्हतं? पण तुला लहानपणापासून चिकट काही खपत नाही. टायर यार्डात आले त्या दिवशी नाक मुरडून लांबूनच गेलीस ना? भाऊ बहिणीला ओळखतो म्हणतात ते असं.

वहिनी म्हणते, रुसवा सोडून रविवारी या. माया आहे तशीच आहे, ती टायरवर तोलू नकोस.

तुझा दादा

१० नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून झालं आणि मी उठून हात धुतले.

तू लिहिलंस ते खरं आहे. त्या दिवशी तळवा पुढे केला होता. बोटाला पॉलिश लागलं, किळस आली, मी हात मागे घेतला आणि घरी गेले. तू तेवढ्यावरच भरवसा ठेवला होतास. पॉलिशची किळस साबणाने जाते रे. तुझी आली आहे ती कशाने जाईल, कळत नाही. माझीही आली आहे. बाबांनी शिकवलेलं एकच काम, तेही मी कपडे खराब होतील म्हणून टाळलं.

आज यार्डात गेले. रॉकेलची चिंधी घेऊन तिन्ही टायर पुसले. खांद्यापाशी नव्या थराची फट आहे, अर्धं नख आत जातं. बाजूंना भेगा आहेत. बनवल्याची तारीख कानशीने घासून टाकलेली आहे. ह्यांना म्हटलं, हात लावून बघा. म्हणाले, बघून काय करू, मालक तुझा भाऊ आहे, माझ्यापायी तुमच्यात वाकडं नको. तेरा वर्षं संसार केला, पण ह्यांच्या चांगुलपणाचा इतका वीट कधी आला नव्हता. मी माझ्या गळ्याची शपथ घातली, तरी हे जाणार. तू जाऊ नका म्हणालास तर थांबतील.

पान्याचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तू हौसेने धरतोस. बाबांचं चुकलं. पण त्याची भरपाई ह्यांच्या चाकांखाली नको.

लोभ असावा, असं दरवेळी लिहिते. या वेळी लोभ नको. तेरा तारखेला यार्डात ये, बाही वर कर, आणि त्या तीन टायरवरून एकदा, फक्त एकदा, उघडा हात फिरव. मग तुझ्याच तोंडाने ह्यांना जा म्हण. तू येणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी तुझ्यासाठी हात पुसायला एक चिंधी धुऊन वाळत घातली आहे.

तुझी पिटुकली