तन्वीचा कॉम्प्युटर बंद ठेव

प्रिय शिल्पा,

आधी तन्वीच्या टेबलामागचा प्लग काढ आणि मगच पुढचं वाच. सकाळी तुझ्या फोनवर ‘मशीन चालू करू नका’ एवढाच मेसेज आला असेल, तो मी पाठवला. मी म्हणजे कुलदीप, काचीगुड्याचा, स्टेशनमागच्या गल्लीतला. सव्वीस वर्षांनी लिहितोय आणि सुरुवात प्लगपासून करतोय, राग मानू नकोस. तन्वी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, बारा तारखेला तिचा थिसिस द्यायचाय आणि तिची सगळी ड्रॉइंग्ज त्या काचेच्या पेटीत आहेत, हे मला ठाऊक आहे. कसं ते पुढे येईलच. ती पेटी कुठल्याही दिवशी जळेल आणि जाताना पोरीचं काम सोबत घेऊन जाईल, एवढं आधी ध्यानात घे.

तुझ्या नवऱ्याने ती पसंत केली तेव्हा मी तिथेच होतो. संदेशराव दुकानासमोर टॅक्सीतून उतरले तेच मोबाइलवर यादी उघडून. कुठल्यातरी व्हिडिओतल्या पंडिताने दिलेली यादी, आणि हे ती मंत्र म्हटल्यासारखे वाचत होते. आरपार काचेचं कॅबिनेट. सहा पंखे, सहाच्या सहा रंगीत. वाकडा मॉनिटर. बारा बटणांचा माउस. घरं बांधायला शिकणाऱ्या मुलीला बारा बटणं कशाला लागतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही; तिला भिंती काढायच्या आहेत की गोळ्या झाडायच्या आहेत? बजेट संपत आलं तेव्हा साहेबांनी कात्री कुठे लावली असेल? एसएमपीएसवर. भिंतीतली वीज मशीनला पचेल अशी करून देणारा तो लोखंडी डबा. तो चमकत नाही, आल्यागेल्याला दाखवता येत नाही, म्हणून म्हणाले, ‘वो कुछ भी चलेगा.’ कुछ भी! सहा पंख्यांच्या रंगांवर पाऊण तास घासाघीस करणारा माणूस ज्याच्यावर सगळं चालतं त्या डब्यावर अर्धं मिनिटही थांबला नाही.

असले शहाणे मी रोज बघतो. बेगम बाजारात पावशेर जिरं घेतील तर चिमूटभर हातावर चोळून वास घेतील, आणि कॉम्प्युटर घेताना फक्त दिवे लागतात का ते बघतील. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले तर सगळ्यात वाईट. आयुष्यभर ऑफिसने दिलेला लॅपटॉप उघडायचा, बिघडला की फोन करायचा, आणि एवढ्या जोरावर दुकानात येऊन दुसऱ्याला शिकवायचं. त्यांना स्वस्त नको असतं, स्वस्तात मिळालं असं चार लोकांत सांगता यावं एवढंच हवं असतं.

कमी पैशात चांगलं मशीन होत नाही असं नाही गं. उलट त्यातच कारागिरी असते. तन्वीसाठी साधं पत्र्याचं कॅबिनेट पुरलं असतं. की-बोर्ड आणि माउस एखाद्या बंद पडलेल्या ऑफिसातले, धुऊन पुसून घेतलेले, अजून दहा वर्षं चालले असते. मॉनिटर सरळ आणि रंग खरे दाखवणारा. वाचलेल्या पैशात दुप्पट रॅम, नावाजलेली एसएसडी, चांगला जड एसएमपीएस आणि खाली एक यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी पोरीचं ड्रॉइंग जात नाही. दिसायला अगदीच बावळट, पण तिने रात्रभर जरी घराचे फोटो बनवायला लावले असते तरी हूं की चूं केलं नसतं.

आबिड्सच्या त्या इन्स्टिट्यूटमधलं आपलं मशीन आठवतं का? पिवळट पडलेलं, बाजूचं झाकण कायमचं उघडं, आणि दोघांत एकच. तू की-बोर्डवर, मी माउसवर. ते अडलं की मी आत हात घालायचो आणि तू श्वास रोखून बसायचीस. तुझ्या वडिलांनी, भगवंतरावांनी, एकदा मला जिन्यात गाठून विचारलं होतं की स्क्रू-ड्रायव्हर फिरवून किती दिवस पोट भरणार. त्यांनी तुला पुण्याला देऊन टाकलं. बरोबर केलं की चूक, हे विचारायचं आता माझं वय नाही, पण त्या जिन्यापासून मला अशा माणसांची चीड बसली ती बसलीच.

तुझ्या नवऱ्याचा खरा पराक्रम तर अजून सांगायचाच आहे. सामान बांधून होत होतं, तेवढ्यात त्यांना कुणा मित्राचा फोन आला. काउंटरला टेकून, दुकानदाराच्या तोंडासमोर, खणखणीत मराठीत सांगू लागले, ‘अरे, लेकीच्या आर्किटेक्चरच्या थिसिससाठी घेतोय. शेवटचं वर्ष आहे, पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला द्यायचाय. दुकानदार अगदीच गावठी आहे, दोन गोड शब्द बोललो की विरघळतो. ह्या लोकांना कसली अक्कल!’ हैदराबादेत काउंटरमागचा माणूस मराठी असू शकतो, हे तुमच्या पुण्याहून इथे राहायला आलेल्यांच्या स्वप्नातही येत नाही. ज्याचे पणजोबा निजामाच्या राज्यात मराठी बोलत वाढले, तो माणूस समोर उभा राहून सगळं ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्याने नम्रपणे विचारलं, ‘और क्या होना साब?’

आता त्या दुकानदाराचंही ऐक. तुझ्या नवऱ्याला निदान कळत नव्हतं. ह्याला सगळं कळत होतं. ‘साब, ये नक्को, बच्ची का काम जाता’ असं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्याऐवजी तो मागे गेला आणि साहेबांनी ‘कुछ भी’ म्हटलं तरी स्वतःहून बांधून ठेवलेला चांगला डबा काढून घेऊन त्याजागी सगळ्यात फडतूस एसएमपीएस टाकला. वर साडेसहाशे वॉटचं स्टिकर, आत त्याच्या निम्म्याचीही ताकद नाही. ग्राफिक्स कार्ड दिलं ते बिटकॉइनसारखी नाणी काढणाऱ्या कुणाच्या तरी शेडमध्ये दोन वर्षं अखंड राबून भाजून निघालेलं, ब्रशने साफ करून नव्या खोक्यात भरलेलं. सहा पंखे मात्र मागितले तसे बसवले, दिवे लावून दाखवले. साहेब खूश. दुकानदारही खूश. घरी जाऊन दोन घास जास्त जेवला तो.

शिल्पा, तो दुकानदार मी. पाटीवर जुन्या मालकाचं नाव आहे, म्हणून तुला कळायचं कारण नव्हतं, आणि बिलावर फक्त संदेशरावांचं नाव आणि पत्ता, म्हणून मलाही. ह्या पत्राबरोबरच्या खोक्यात चांगला एसएमपीएस आहे, पण तो तुम्ही कुणी बसवू नका. उद्या सकाळी दहाला मी येतो. तन्वीचं सगळं काम आधी दुसऱ्या डिस्कवर काढतो, मग डबा आणि कार्ड बदलतो. बारा तारीख चुकू देणार नाही. संदेशरावांना फसवल्याचं मला अजूनही फारसं वाईट वाटत नाही, हे खरं तेच लिहितो; नुसतं तेवढंच असतं तर मी गुपचूप माणूस पाठवून सामान बदललं असतं आणि हे पत्र लिहिलं नसतं. पण मंगळवारी दुकानात फोन वाजला. संदेशरावांच्या बिलाचा नंबर सांगून हिंदीतून एक बाई विचारत होत्या की मशीन मध्येच बंद पडतं, जळका वास येतो, काही धोका तर नाही? मी नेहमीचं पाठ केलेलं म्हटलं, ‘कुछ नई होता मॅडम, वोल्टेज का लफडा है.’ तेव्हा तू फोन बाजूला धरून लेकीला म्हणालीस, ‘तन्वे, रडू नकोस गं, ते म्हणतायत काही होत नाही.’ सव्वीस वर्षांनी ऐकला तरी तुझा आवाज मी पहिल्या मराठी शब्दाला ओळखला. मग तू पुन्हा फोनवर आलीस आणि विचारलंस, ‘पक्का ना भैया?’ माझ्या तोंडून तुझं नाव निघायला हवं होतं. मी म्हणालो, ‘हौ मॅडम, एकदम पक्का.’

उद्या दार उघडलंस तर तुझाच,
कुलदीप